न दिसणाऱ्या माशांची मोजदाद



आज समुद्रातल्या माशांच्या मोजणीबद्दल बोलायचं आहे. कवीला बोलावून हा विषय कुणी दिला, असं तुम्हाला वाटेल. विषय मीच मागून घेतला. कारण या मोजणीत माझा एक आकडा आहे आणि तो खोटा आहे.

१९८९ सालची गोष्ट. मी रत्नागिरीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षात होतो. सुट्टीत मामूच्या होडीचा हिशेब लिहायचो. मामू तांडेल होता. स्वतःची होडी, सहा खलाशी, आणि अक्षरओळख सहीपुरती. त्यामुळे वही माझ्याकडे. मिरकरवाड्याच्या बंदरावर संध्याकाळी होड्या लागायच्या, टोपल्या उतरायच्या, लिलावाचा गलका सुरू व्हायचा, आणि त्या गलक्यात एक सडपातळ गृहस्थ खांद्याला पिशवी लावून फिरायचे. त्यांना सगळे सर्व्हेवाला म्हणत. ते काही विकत घेत नसत. नुसते विचारायचे, किती तास जाळं टाकलं, कुठल्या बाजूला, बांगडा किती, बाकी काय काय. आणि लिहून घ्यायचे.

त्या दिवशी बांगड्याच्या साठ टोपल्या होत्या. माझ्या वहीत साठ लिहिलेलं होतं. सर्व्हेवाले आले तेव्हा वीस टोपल्या विकून गेल्याही होत्या. मामूनं त्यांना चाळीस सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला पोरगा म्हणून पाहिलं असणार. “चाळीसच ना?” मी मान डोलावली.

ते गेल्यावर मामू म्हणाला, “आज लिहून नेतात, उद्या पट्टी लावतात.” पट्टी म्हणजे कर. तो कर कधी आला नाही. मामू आता हयात नाही. पण ते चाळीस कुठेतरी एका तक्त्यात जाऊन बसलेलं आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आमच्या ओळखीतल्या एका मत्स्यशास्त्राच्या प्राध्यापकानं एकदा सबंध दुपार खर्च करून त्या वहीचा पुढचा प्रवास मला समजावून सांगितला. त्याला मी माझी गोष्ट सांगितली नव्हती.

देशाच्या किनाऱ्यावर मासे उतरवण्याची बंदरं, जेट्या, नुसत्या वाळूच्या जागा इतक्या आहेत की प्रत्येक ठिकाणी रोज माणूस बसवणं शक्य नाही. म्हणून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं, जी १९४७ साली स्थापन झाली, नमुना पाहणीची पद्धत बसवली. महिन्यातले काही दिवस, काही बंदरं आणि त्या दिवशी आलेल्या होड्यांपैकी काही होड्या निवडायच्या. निवड आपल्या सोयीनं करायची नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायची. याचं कारण मला लगेच पटलं. आमच्या वाड्यातल्या होड्या शुक्रवारी समुद्रावर जात नसत. सर्व्हेवाल्यानं आपल्या सोयीसाठी दर शुक्रवारी यायचं ठरवलं असतं, तर त्याच्या वहीत आमचा समुद्र कायम रिकामाच राहिला असता.

मग येतो गुणाकार. समजा बंदरात पन्नास होड्या आल्या आणि त्यानं दहा पाहिल्या, तर त्या दहांच्या बेरजेला पाचानं गुणायचं. महिन्यात चोवीस दिवस मासेमारी झाली आणि तो सहा दिवस आला, तर पुन्हा चारानं. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. पण या हिशेबानं माझ्या न सांगितलेल्या वीस टोपल्यांचं काय झालं, ते पाहा. पाचानं गुणल्यावर शंभर, चारानं गुणल्यावर चारशे. त्या महिन्यात आमच्या बंदराच्या अंदाजातून चारशे टोपल्या बांगडा नाहीसा झाला. एका माणसाच्या मान डोलावण्यानं! शाळेत मास्तर म्हणायचे की खोटं वाढत जातं. पण ते पाढ्यानं वाढतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अशाच साध्या बाजारी वह्यांतून केवढी गोष्ट निघू शकते, याची एक हकिगत आहे. इटलीत उंबेर्तो दान्कोना नावाचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. एड्रियाटिक समुद्राकाठच्या त्रिएस्ते, फिउमे आणि व्हेनिस या बंदरांतल्या मासळीबाजाराच्या नोंदी तो तपासत होता. पहिल्या महायुद्धात तिथली मासेमारी जवळजवळ थांबली होती. मग युद्धानंतर सगळेच मासे सारखे वाढायला हवेत. पण वह्या वेगळं सांगत होत्या. फिउमेच्या बाजारात मुशी आणि तिच्यासारख्या शिकारी माशांचं प्रमाण १९१४ साली सुमारे १२ टक्के होतं, ते १९१८ साली ३६ टक्क्यांवर गेलं. जाळी थांबली तर खाणारे वाढले, खाल्ले जाणारे नाहीत. हे कोडं त्यानं आपल्या सासऱ्यांपुढे ठेवलं. सासरे होते व्हितो व्होल्तेरा, मोठे गणिती. त्यांनी १९२६ साली दोन समीकरणं मांडली. एक भक्ष्याचं, एक भक्षकाचं. भक्ष्य आपोआप वाढतं आणि भक्षकाच्या गाठीनं घटतं. भक्षक आपोआप घटतो आणि भक्ष्याच्या गाठीनं वाढतो. एवढंच. त्यातून निघालं की माणसाची माफक मासेमारी दोघांवर सारखी झाली तरी फटका मुशीला जास्त बसतो, आणि ती थांबली की मुशीचे दिवस येतात. सासरा-जावयांनी मिळून केलेलं इतकं चांगलं काम मला दुसरं माहीत नाही. पुढे १९३१ साली मुसोलिनीच्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला व्होल्तेरांनी नकार दिला आणि विद्यापीठातली जागा गमावली. या सगळ्याच्या मुळाशी बाजारातल्या कारकुनांच्या वह्या होत्या. त्यातल्या एखाद्यानं माझ्यासारखी मान डोलावली असती तर?

पण हे झालं पकडलेल्या माशांचं. खरा प्रश्न पुढेच आहे. जे पकडले नाहीत, ते किती?

घरी मी एक प्रयोग केला होता, तुम्हीही करून पाहा. एका डब्यात वाल घ्या. किती आहेत ते मोजू नका. त्यातले शंभर बाहेर काढा, शाईनं खूण करा, परत टाका आणि डबा खूप हलवा. आता डोळे मिटून पुन्हा शंभर काढा. त्यात खुणेचे पाच निघाले, तर शंभर वाल म्हणजे डब्याचा विसावा भाग, आणि डब्यात साधारण दोन हजार वाल. माझ्या मुलीनं नंतर सगळे मोजले. एकोणीसशेच्या आसपास भरले. मला फार आनंद झाला, बायकोला वालांना शाई लावल्याचा झाला नाही. डेन्मार्कच्या पीटरसन या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणेच्या चकत्या लावून समुद्रात सोडलं, तेव्हापासून ही युक्ती त्याच्या नावानं चालते. आज हंपबॅक देवमाशाला चकती लावावी लागत नाही. त्याच्या शेपटीच्या खालच्या बाजूचं काळंपांढरं चित्र प्रत्येकाचं निराळं असतं. फोटो काढायचा, काही वर्षांनी पुन्हा काढायचा आणि किती ओळखीचे निघाले, ते पाहायचं.

यात अट एकच, पण कठीण. डबा बंद हवा. आणि समुद्राला झाकण नसतं. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायाला चकती लावली होती. क्रमांक ०३२३३. तीच कासवीण २०२५ च्या जानेवारीत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. तोवर पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असं धरून चालत होते. दोन डबे आहेत, असा समज होता. एका कासविणीनं सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून दोन्ही डब्यांची झाकणं उघडून दाखवली.

माशांच्या बाबतीत आणखी एक साक्षीदार असतो. लहानपणी आम्ही घोळ आणि ढोमा या माशांच्या डोक्यातले पांढरे खडे जमवून खेळायचो. तो माशाच्या कानातला खडा. थंड समुद्रात हिवाळ्यात माशाची वाढ मंदावते आणि खड्यावर वर्तुळ उमटतं, झाडाच्या बुंध्यात उमटतं तसं. वर्तुळं मोजली की वय कळतं. आपल्या माशांना कुठला आलाय हिवाळा! त्यामुळे इथे वर्तुळं तितकी स्पष्ट नसतात आणि शास्त्रज्ञांना शेकडो माशांची लांबी मोजून वयाचा अंदाज बांधावा लागतो. बंदरावर पट्टी घेऊन बसलेला मुलगा दिसला तर तो हेच करत असतो. हीसुद्धा पट्टीच, पण मामूच्या भीतीतली नव्हे.

वय कळलं की मागचा हिशेब मांडता येतो. यंदा सात वर्षांचे अमुक इतके मासे जाळ्यात आले, म्हणजे गेल्या वर्षी सहा वर्षांचे निदान तितके समुद्रात होतेच. आपोआप मरणाऱ्यांसाठी त्यात भर घालायची. अशी मागे मागे बेरीज करत गेलं की दहा वर्षांपूर्वीचा समुद्र बऱ्यापैकी दिसू लागतो. गंमत अशी की जितकं मागे जावं तितकी खात्री वाढते. आजच्या समुद्राबद्दल मात्र हा हिशेब मुका असतो, कारण आज जिवंत असलेले मासे अजून पकडलेच गेलेले नाहीत. आणि सरकारला विचारायचं असतं ते आजचंच. यंदा किती पकडू द्यायचे?

या एका फटीतून केवढा अनर्थ झाला, त्याची हकिगत कॅनडाच्या पूर्व टोकाची आहे. न्यूफाउंडलंड. तिथला मासा कॉड. १४९७ साली जॉन कॅबट तिथे पोचला, तेव्हापासून त्या माशाच्या विपुलतेच्या कथा युरोपात सांगितल्या जात. पाचशे वर्षं माणसं त्याच्यावर जगली. मग मोठाली परदेशी ट्रॉलर जहाजं आली. १९६८ या एका वर्षात तिथला उत्तरेकडचा कॉड आठ लाख टनांवर पकडला गेला. १९७७ साली कॅनडानं २०० सागरी मैलांची हद्द लावून परदेशी जहाजं बाहेर काढली. आता मासा आपला आणि मोजायला शास्त्रज्ञही आपले. सगळं ठीक होणार होतं.

आजच्या समुद्राचा अंदाज घ्यायला त्यांच्याकडे दोन पुरावे होते. एक, शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या पाहणी जहाजाचा. दुसरा, व्यापारी ट्रॉलरना एका तासाला किती मासा लागतो, त्याचा. ट्रॉलरचा आकडा चांगला होता, वर्षानुवर्षं चांगला राहिला. गणितानं त्यावर विश्वास ठेवला आणि समुद्रात मासा वाढतोय, असं उत्तर दिलं. त्याच वेळी किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासे धरणारे लोक सांगत होते की कॉड येत नाही, आला तर बारका येतो. त्यांचं म्हणणं हिशेबात बसत नव्हतं. त्यांच्याकडे सांगायला अनुभव होता, पण तक्ता नव्हता. अखेर त्यांच्या संघटनेनं १९८६ साली स्वतः शास्त्रज्ञ नेमून सरकारी अंदाज तपासून घेतला. मासा फाजील मोजला जातोय, असं त्या अहवालात निघालं. त्याकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही.

मग ट्रॉलरचा आकडा चांगला का राहिला? आमच्या गावचंच उदाहरण देतो. निम्मी माणसं मुंबईला आणि आखातात गेली. पण शुक्रवारच्या नमाजाला मशीद भरलेलीच दिसते, कारण उरलेले सगळे तिथे येतात. मशिदीतल्या रांगा मोजून गावाची वस्ती ठरवली तर गाव शेवटपर्यंत भरलेलंच वाटेल. कॉडचं तसंच झालं. मासा घटत गेला, पण उरलेला मासा थव्यानं ठरावीक जागी गोळा होत राहिला. ट्रॉलर त्या जागा बरोबर शोधून काढत, यंत्रंही दरवर्षी सुधारत होती. जाळं भरतच होतं.

१९८९ साली नवा हिशेब आला आणि शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आपण फार फुगवून मोजत होतो. (मी मिरकरवाड्यात मान डोलावली तेच हे वर्ष. दोन्हींचा काही संबंध नाही, पण माझ्या मनात ते जोडलं गेलंय.) आदल्या वर्षीची परवानगी २ लाख ६६ हजार टनांची होती. शास्त्रज्ञांनी ती १ लाख २५ हजारांवर आणायचा सल्ला दिला. सरकारनं २ लाख ३५ हजार ठेवली. एकदम निम्म्यावर आणलं तर कारखाने बंद पडतील, गावं ओस पडतील, म्हणून. ती भीती खोटी नव्हती. पण मासा कुणाच्या भीतीप्रमाणे वाढत नाही. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली. समुद्रावर जाणारे आणि कारखान्यांत मासे कापणारे मिळून सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून सांगितली होती. ती पूर्णपणे उठायला २०२४ साल उजाडलं. तेही १८ हजार टनांपुरतं.

आणि त्यातही एक गोम आहे. २०२३ साली शास्त्रज्ञांनी आपलं गणित सुधारलं. १९५४ पर्यंतच्या जुन्या नोंदी आत घेतल्या. त्यामुळे ‘याखाली धोका’ सांगणारी रेघ खाली आली आणि कालपर्यंत धोक्याच्या खाली असलेला कॉड एकाएकी रेघेच्या वर दिसू लागला. मासे तेच होते, रेघ सरकली. यात कुणी लबाडी केली, असं मी म्हणणार नाही. जास्त वर्षांची नोंद घेणं शहाणपणाचंच. पण तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला हे समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली असती, तर मी रजा टाकली असती.

हे सगळं ऐकून मी त्या प्राध्यापकाला म्हटलं, मग या गणितांचा उपयोग काय? त्याला राग आला. तो म्हणाला, गणित नव्हतं तेव्हा समुद्राला अंत नाही, असंच सगळे म्हणत होते. गणितानं निदान चूक कुठे झाली, किती झाली हे सांगितलं. वहीच नसती तर कॉड संपला, हेसुद्धा जाळी कोरडी परतल्यावर कळलं असतं. मला ते मान्य करावं लागलं.

मग मी त्याला माझी गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, सगळे जण दरवर्षी सारखंच कमी सांगत असतील तर एवढं बिघडत नाही, चढउतार तरी खरा दिसतो. पण खोटं भीतीप्रमाणे बदलतं. ज्या वर्षी करांची अफवा, त्या वर्षी सगळे कमी सांगतात. आम्ही कागदावर पाहतो की बांगडा पडला. समुद्रात बांगडा पडलाय की बंदरावर अफवा उठलीय, हे कागदावरून कसं कळणार?

आता तर सांगणं आणखी अवघड झालंय. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्यामागे याच संस्थेच्या शास्त्रज्ञांची मापं आणि शिफारस आहे. पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली नको, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं. नियम योग्यच आहे, माशाला एकदा तरी अंडी घालू द्यायला नकोत का? पण सर्व्हेवाला निराळा आणि दंड करणारा निराळा, हे बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला कसं दिसावं? दोघांच्याही हातात वहीच असते. मामूची भीती मनातली होती. त्याच्या नातवाची भीती कायद्यात लिहिलेली आहे. आणि लहान होडीवाल्याला जेवढी विचारपूस होते, तेवढी मोठ्या पर्ससीनवाल्यांना होते का, असं तो मला विचारतो. मी गप्प बसतो.

गेल्या थंडीत मी बंदरावर गेलो होतो. होडी आता मामूच्या नातवाकडे आहे. सर्व्हेला आलेला मुलगा विशीतला होता. त्याच्या हातात वही नव्हती, टॅब होता. बांगडा किती, सौंदाळा किती, पापलेट किती, तेच प्रश्न. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली एक क्रेट होता. त्यात तळहाताहून लहान पापलेट होती, मी पाहिली होती. नातवानं बांगड्याचा आकडा बरोबर सांगितला. पापलेटवर तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “चाचा, तुम्हीच सांगा.”

टॅबवाल्या मुलानंही माझ्याकडे पाहिलं. मी त्याला विचारलं, “तू हे कुणाला दाखवतोस? होडीचं नाव जातं का पुढे?” तो म्हणाला, “नाही चाचा, आम्हाला फक्त मासे मोजायचे असतात.” मी ताडपत्री बाजूला केली. नातू काही बोलला नाही. मुलानं पिशवीतून पट्टी काढली, खाली बसला आणि एकेक पापलेट उचलून लांबी टिपू लागला. पहिलं अकरा सेंटिमीटर भरलं.

रात्री जेवायला मला मामूच्या घरी बोलावलेलं होतं. गेलो. नातू माझ्याशी बोलत नव्हता, पण त्यानं ताटात बांगडा वाढला.